फोटोसारखं चित्र आणि फोटो

मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की अर्ध्या मिनिटात एआय हुबेहूब फोटोसारखं चित्र काढून देतं. हल्ली हा प्रयोग शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळेच करून बघतात. करून बघावाच. पण ते चित्र येतं कुठून, याबद्दलचे गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

पहिला गैरसमज असा की, हे यंत्र नेटवरचे फोटो शोधतं आणि कापून जोडतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्युजन हे यंत्र घ्या. ज्या संग्रहातून ते शिकलं त्यात दोन अब्जांहून जास्त चित्रं होती, आणि तयार झालेली फाइल होती सुमारे ४ जीबीची. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम दोन बाइट. त्यात फोटो साठवायचा कुठे? शिकवताना चित्रांवर थोड्या थोड्या मुंग्या पसरवतात, जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद झाल्यावर दिसायच्या तशा, आणि त्या पुसायला लावतात. आपण मागणी केली की ते नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि आपल्या शब्दांना जुळेल असं काहीतरी उरेपर्यंत पुसत राहतं.

मात्र ‘आत काहीच साठत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. शिकवणीत पुन्हा पुन्हा आलेली शंभरेक चित्रं संशोधकांनी २०२३ मध्ये याच यंत्रातून जवळपास जशीच्या तशी बाहेर काढून दाखवली. शिवाय ज्यांच्या फोटोंवर ते शिकलं त्या छायाचित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांची तक्रार रास्त आहे.

दुसरा गैरसमज मला जास्त सतावतो. चित्र खऱ्यासारखं दिसतंय, म्हणजे त्यातला तपशीलही बरोबर असणार! मी नऊवारी नेसून भाजी विकणाऱ्या बाईचं चित्र मागितलं. ऊन, सुरकुत्या, मेथीच्या जुडीवरचं पाणी, सगळं अप्रतिम आलं. पण लुगड्याला कासोटाच नव्हता. समोर सहावारीच्या निऱ्या, त्यावर पैठणीसारखे काठ. मागच्या दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं काहीतरी होतं, पण एकही शब्द वाचता येईना. साडी चुकण्याचं कारण सरळ आहे. नेटवर सहावारीचे फोटो ढिगाने आहेत, नऊवारीचे त्या मानाने थोडे. जे सर्वांत संभवनीय तेच यंत्र काढतं. ज्याने आजीला लुगडं नेसताना पाहिलंय त्याला चूक लगेच कळेल. ज्याने पाहिलं नाही, तो हीच नऊवारी समजेल, आणि उद्या हेच चित्र एखाद्या पुस्तकात छापलं जाईल. याची मला खरोखर भीती वाटते.

‘८के’, ‘अल्ट्रा रिअलिस्टिक’ असे शब्द ठासून भरल्यानेही फारसं साधत नाही. चित्रात पिक्सेल किती, हे यंत्राच्या मांडणीवर ठरतं. असे शब्द फार तर चकचकीतपणा आणतात. त्यापेक्षा प्रकाश कुठून येतोय, वेळ कोणती, कॅमेरा किती जवळ, हे लिहावं. ‘चष्मा नको’ असं लिहिलं तर काही यंत्रं हमखास चष्मा घालतात, कारण ‘चष्मा’ शब्द त्यांना कळतो, ‘नको’ नीट कळत नाही.

राहिला प्रश्न ओळखण्याचा. बोटं मोजा, हा सल्ला आता जुना झाला. नवी यंत्रं पाच बोटं नीट काढतात. जाणकारही फसतात. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या एआय-चित्राला सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत पारितोषिक जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं. पुढच्याच वर्षी उलटं घडलं: छायाचित्रकार माइल्स ॲस्ट्रे यांनी एका स्पर्धेच्या एआय-विभागात फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो पाठवला आणि त्याला बक्षीस मिळालं.

म्हणून चित्राकडे टक लावून बघण्यापेक्षा ते आलं कुठून, हे शोधणं जास्त उपयोगाचं. मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीपटूंना ताब्यात घेतलं, तेव्हा पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता फोगट हसत असल्याचा फोटो पसरला होता. गाडी खरी, माणसं खरी, फक्त हसू एआयने चिकटवलेलं. तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांनी मूळ सेल्फी शोधून शेजारी ठेवला. त्यात कोणीच हसत नव्हतं.