जोडे शिवणाऱ्या तरुणाने लिहिले मराठीचे व्याकरण

मराठीच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक कुठे छापले गेले, सांगता येईल? पुणे? मुंबई? नाही. ते १८०५ मध्ये छापले गेले श्रीरामपुरात. महाराष्ट्रातल्या नव्हे, तर कोलकात्याजवळ हुगळीच्या काठावर असलेल्या श्रीरामपुरात! लिहिणारा होता एक इंग्रज मिशनरी, विल्यम कॅरी.

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या एका विणकराच्या घरातला. शाळा लवकर सुटली आणि हाती आले जोडे शिवण्याचे काम. पण मन पुस्तकांत रमलेले. काम करता करता तो लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला.

१७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. पोटासाठी निळीच्या कारखान्यात नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात बंगाली व संस्कृत शिकू लागला.

घरातले दुःख

त्याची पत्नी डोरोथी आधी भारतात यायला तयारच नव्हती. बहीण सोबत येणार म्हटल्यावर ती निघाली. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारपणात गेला. त्यानंतर डोरोथीचे मानसिक संतुलन ढासळले, ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. कॅरीच्या यशाबद्दल वाचताना तिने मोजलेली ही किंमत विसरून चालणार नाही.

शिक्षक आणि विद्यार्थीही

१८०० मध्ये कॅरी श्रीरामपूरला आला. तिथे सहकाऱ्यांसोबत छापखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो शिकवू लागला. बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीसुद्धा. पगाराचा मोठा भाग तो मिशनच्या कामाला देई.

पण त्याला मराठी कोणी शिकवली? वैजनाथ पंडितांनी. व्याकरणाच्या आणि १८१० च्या मराठी शब्दकोशाच्या कामात त्यांचा मोठा हात होता. छापखान्याचे सुबक खिळे घडवले ते पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी. म्हणजे मुखपृष्ठावर नाव एकाचे, पण कष्ट अनेकांचे!

एका रात्रीत राख

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कॅरीची कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळून गेली. त्यात अनेक भाषांचा एक मोठा शब्दकोशही होता. तेव्हा कॅरी पन्नाशीचा होता. खिळे ओतण्याचे साचे मात्र वाचले होते. वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे ओतले गेले आणि काही महिन्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. जळालेले लेखन कॅरीने पुन्हा हाती घेतले.

१८१८ मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत श्रीरामपूर कॉलेज सुरू केले. ते आजही चालू आहे. सतीप्रथेविरुद्धही तो अनेक वर्षे बोलत राहिला. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला. तो बंगालीत आणण्याचे काम कॅरीकडे रविवारी आले, म्हणजे त्याच्या प्रवचनाच्या दिवशी. एका दिवसाचा उशीरही कुणा स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, हे ओळखून त्याने प्रवचन बाजूला ठेवले आणि भाषांतर पूर्ण केले.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्याचे निधन झाले. इंग्लंडला तो पुन्हा कधी गेलाच नाही.

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि शेजाऱ्यांची भाषा शिकायला 'आता वय झालं' असे वाटत असेल, तर कॅरी आठवा. त्याने मराठी शिकायला घेतली, तेव्हा तोही चाळिशीत होता!