एका अल्फाचे दोन क्रमांक

ग्रीक लिपीतले ईटा हे एकच अक्षर घ्या. डोक्यावरची चिन्हे बदलली की ते कधी स्त्रीलिंगी उपपद होते, कधी ‘किंवा’, कधी ‘खरोखर’. ही चिन्हे इसवी सनापूर्वी २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझंटियमचा ॲरिस्टोफेनीस याने सुरू केली, असे परंपरा सांगते. तीन स्वराघात आणि दोन श्वासचिन्हे. शिवाय स्वराच्या पायाशी बसणारा बारीक आयोटा. एकाच अक्षराला आघात, श्वास आणि आयोटा तिन्ही एकदम लागू शकतात.

हे सारे संगणकात घालायचे कसे, हा प्रश्न १९७२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सुरू झालेल्या ‘थिसॉरस लिंग्वे ग्रेसे’ या प्रकल्पापुढे उभा होता. होमरपासूनचे ग्रीक वाङ्मय तिथे साठवायचे होते. त्या काळची यंत्रे मात्र रोमन अक्षरांपलीकडे फारसे काही जाणत नव्हती. अभिजात भाषांचे अभ्यासक डेव्हिड पॅकार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर दिले: बीटा कोड.

त्याची रीत विलक्षण साधी आहे. रोमन ‘एच’ म्हणजे ईटा. त्यापुढे ( आला की कठोर श्वास, ) आला की मृदू, / म्हणजे चढा आघात, = म्हणजे वळणदार आघात, | म्हणजे खालचा आयोटा. अक्षर वेगळे, चिन्ह वेगळे. त्यामुळे चिन्हांसकट शोधायचे की चिन्हे वगळून, हे अभ्यासकाच्या हाती राहिले. प्रकल्पाने १९८१मध्ये ही पद्धत स्वीकारली. आज त्याच्या संग्रहात दहा कोटींहून अधिक शब्द आहेत.

गुंता झाला तो ग्रीसमध्ये. १९८२मध्ये तिथल्या सरकारने आधुनिक ग्रीकमधली श्वासचिन्हे काढून टाकली आणि एकच आघात ठेवला, टोनोस. पुढे आलेल्या संगणकीय मानकांत तेवढ्यालाच जागा मिळाली. युनिकोड हे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक. त्याच्या १९९३च्या १.१ आवृत्तीत प्राचीन ग्रीकसाठी तयार चिन्हांकित अक्षरांचा स्वतंत्र गट आला, तेव्हा त्यात जुना चढा आघात, म्हणजे ऑक्सिया, लावलेला अल्फाही होता. टोनोसवाल्या अल्फाचा क्रमांक ९४०, ऑक्सियावाल्याचा ८०४९. चिन्ह मुळात एकच! युनिकोडने दोन्ही सममूल्य ठरवले खरे, पण प्रमाणीकरणात, म्हणजे सममूल्य रूपांचे एकच रूप करताना, ८०४९चे नेहमी ९४० होते, उलट कधीच नाही.

याचा फटका आधी डोळ्यांना बसला. काही टंकांत टोनोस उभा कोरलेला होता आणि ऑक्सिया तिरका. मृदू श्वास आणि चढा आघात असलेला अल्फा प्राचीन ग्रीकच्या गटातूनच येणार, नुसत्या आघाताचा अल्फा मात्र आधुनिक गटातून. मग प्लेटोच्या एकाच ओळीत काही आघात उभे, काही तिरके. शोधात याहून मोठी अडचण येते. एका कळफलकाने ९४० दिला, दुसऱ्याने ८०४९, आणि प्रणालीने प्रमाणीकरण केले नाही, तर डोळ्यांसमोर असलेला शब्द तिला सापडत नाही.

कोशकारांची अडचण निराळी. अल्फा दीर्घ आहे हे दाखवणारी आडवी रेघ आणि तिच्यावर आघात, अशा जोडीला तयार क्रमांकच नाही. सुटी चिन्हे एकावर एक रचावी लागतात आणि ती नीट बसवणे टंकावर अवलंबून राहते. मोठ्या अक्षरांतही पेच आहे. तिथे आघात गळतो. पण आधुनिक ग्रीकमधला मे महिना लिहिताना पहिल्या स्वरावरचा आघात गेला, की पुढच्या आयोटावर दोन ठिपके द्यावे लागतात, नाहीतर दोन स्वर एक म्हणून वाचले जातील. ‘प्रत्येक अक्षराचे मोठे रूप’ अशी सरळ यादी इथे कामाची नाही.

पॅकार्ड यांनी अक्षर आणि चिन्ह वेगळे ठेवले, तेच योग्य होते. तयार अक्षरांच्या गटाने जुन्या अडचणी जेवढ्या सोडवल्या, तेवढ्याच नव्या आणल्या. ‘दऱ्या’मधला ऱ देखील युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एका क्रमांकाने किंवा र आणि नुक्ता जोडून. तेव्हा ग्रीक असो वा मराठी, शोधाची सोय करणाऱ्यांनी तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचे प्रमाणीकरण करावे.