एका लॅपटॉपची घडी दुसऱ्या लॅपटॉपवर

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाशी उतरणाऱ्या प्रवाशास कापूस बाजाराची जुनी वास्तू परिचित आहे. कापसाचा व्यापार १८४४ मध्ये फोर्टातील हिरवळीवरून कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकात शिवडीच्या अंगास आला. हिरवळ मागे राहिली, नाव मात्र सोबत आले. स्थलांतरात काय बरोबर येते आणि काय मागे राहते, हा प्रश्न आज निराळ्या स्वरूपात कार्यालयांपुढे उभा आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. जुने लॅपटॉप बदलण्याची वेळ त्यामुळे अनेकांवर आली. याच परिसरातील एका कार्यालयात (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) प्रस्तुत लेखक गेला असता, लिपिकाने जुन्या यंत्रातील सर्व फोल्डर पेनड्राइव्हने नव्या यंत्रात आणून ठेवले होते. एकही फाइल हरवली नव्हती. परंतु पंधरा वर्षांपूर्वीची मराठी परिपत्रके उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसू लागला. कारण साधे होते. युनिकोडपूर्व मराठी टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेली असत. मजकूर आला, टंक आला नाही. क्रमांक तेच राहिले, चित्रे बदलली.

फाइली हलविणे आणि यंत्राची घडी हलविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी यावे. घडी म्हणजे मूळ प्रणाली, तीवर बसविलेली सॉफ्टवेअरे, टंक, कळफलकाची रचना, मुद्रकाची जोडणी असे सर्व काही. तिची नक्कल करण्याचा एक मार्ग म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे. क्लोनझिला हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून सुरू करून ती घेता येते. येथे सर्वाधिक सावधगिरी दिशेची हवी. कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य, यात अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उमटते आणि वर्षांचे दप्तर क्षणात पुसले जाते. लक्ष्य डिस्क सामान्यतः मूळ डिस्कएवढी किंवा तीहून मोठी असावी लागते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

दोन्ही यंत्रे एकाच बनावटीची असली की हा मार्ग सुलभ असतो. बनावट भिन्न असल्यास सुट्या भागांचे चालक-सॉफ्टवेअर जुळत नाही व यंत्र कधी सुरूच होत नाही. अनेक यंत्रांसाठी विंडोजची एकच प्रतिमा करावयाची तर सिसप्रेप या साधनाने मूळ यंत्राची वैयक्तिक ओळख प्रथम काढून टाकावी लागते. यंत्रासोबत मिळालेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. प्रतिमेबरोबर तो प्रवास करीत नाही. शिवाय विंडोज १० ची नक्कल केल्यास तिची थांबलेली सुरक्षा-सेवाही नव्या यंत्रात येते. अशा वेळी नवी प्रणाली बसवून सॉफ्टवेअरे यादीवरून पुन्हा घालणे हेच शहाणपणाचे. लिनक्समध्ये ही यादी एका आज्ञेने फाइलीत उतरविता येते.

एकाच बनावटीचा लाभ रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या खैराट येथे पाहावयास मिळतो. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या उपक्रमातील एक्सओ लॅपटॉप आले. त्यांची अंतर्गत साठवण अवघी १ जीबी. नवी प्रणाली पेनड्राइव्हवर घ्यावी, पडद्याशेजारच्या चार खेळ-कळा दाबून धरून यंत्र सुरू करावे, म्हणजे ती उतरे. पुढे या लॅपटॉपांसाठी अशीही सोय झाली की, एकाच यंत्राने बिनतारी प्रक्षेपण करावे व भोवतालच्या अनेकांनी ते एकाच वेळी ग्रहण करावे. हरवलेला भाग पुन्हा मागण्याची गरज पडू नये म्हणून पूरक माहिती जादा पाठविली जाई. पण कोरी प्रणाली घालताना मुलांनी केलेले लिखाण व चित्रे आधी काढून ठेवली नाहीत, तर तीही पुसली जात. अशा शाळेत शिक्षकाचे खरे काम यंत्र हाताळण्याचे नव्हे, तर हे जपण्याचे होते.

ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खात्यांचा तपशील असतो. प्रतिमा घेतली की ते सर्व त्या पेटीत जाते; म्हणून ती कुलूपबंद ठेवावी. ब्राउझरमध्ये साठविलेले सांकेतिक शब्दही प्रतिमेसोबत जातात, हे बहुतेकांच्या गावी नसते. जुने यंत्र निकाली काढताना फाइली नुसत्या ‘डिलीट’ करून भागत नाही. डिस्क संपूर्ण पुसावी लागते.

वर उल्लेखिलेल्या कार्यालयात जुन्या टंकाची सीडी अखेर कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडली. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नव्हती, म्हणून बाहेरून जोडण्याचा वाचक शेजारच्या शाखेतून आणविला. परिपत्रके वाचता येऊ लागली असून ती एकेक करून युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम चालू आहे. तोवर जुना लॅपटॉप न पुसता कपाटातच ठेवला आहे.