वळणारी पावलं, बुटांचं श्रेय

पावलं आत वळवून चालणारं मूल पायात पाय अडकून पडतं, म्हणून त्याला खास बूट घालतात. दोन-तीन वर्षांत चाल सुधारते आणि श्रेय बुटांना मिळतं. ते बहुतेक वेळा चुकीच्या खात्यावर जमा होतं. कारण पीळ हाडात असतो. तान्हेपणी चवडाच आत झुकलेला असू शकतो, चालू लागलेल्या मुलाची नडगी आत वळलेली असते आणि तीन वर्षांनंतर कारण बहुधा मांडीच्या हाडात सापडतं. जन्मतः या हाडाचं खुब्याकडचं टोक साधारण 40 अंशांनी पुढे वळलेलं असतं, मोठेपणी हा कोन 15 अंशांच्या आसपास येतो. नडगीही वाढीबरोबर बाहेरच्या बाजूला फिरते. म्हणजे बूट घालायच्या वयातच हाडं आपापला पीळ सोडत असतात.

म्हणून ‘आमच्या मुलाला फरक पडला’ हा पुरावा होत नाही. बूट न घातलेल्या मुलांचं काय झालं, तेही पाहावं लागतं. अमेरिकी अस्थितज्ज्ञ लिन स्टहेली व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये लहानमोठ्यांच्या 1000 निरोगी पायांची मोजमापं मांडली, तेव्हा निरोगीपणाचा पल्लाच किती मोठा आहे हे दिसलं. बुटात तळव्याखाली ठेवलेली पाचर खुब्याजवळचा पीळ सोडवते, असं कुणी दाखवू शकलेलं नाही. नुकसान तर नाही ना, असं विचारलं जातं. पण पैसे जातात, रात्री बूट दांडीला जोडून पाय जखडले की झोप मोडते आणि आपल्या पायात खोट आहे हे मूल शिकतं. पाय दोन्ही बाजूंना मागे फाकून बसण्यावरून होणारी रागवारागवीही अशीच व्यर्थ. खुबे आत सहज वळतात म्हणून मूल तसं बसतं. कारण आणि परिणाम इथे उलटे लावले जातात.

सगळ्यांचा पीळ जातोच असं नाही, हा आक्षेप खरा आहे. उरलेला पीळ सहसा धावण्या-खेळण्याच्या आड येत नाही. फार अडथळा झाला तर वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर हाड कापून वळवतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, म्हणून क्वचितच. मात्र एकच पाय वळत असेल, मूल लंगडत असेल, दुखत असेल किंवा वळण वाढत चाललं असेल, तर वाट पाहू नये. नवजात बाळाचं पाऊल ताठ असेल आणि हाताने सरळ होत नसेल, तर तो ‘वाकडं पाऊल’ हा वेगळाच विकार असू शकतो. त्यावर पोन्सेटी पद्धतीने पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करतात आणि नंतर साधारण चार वर्षांचं होईपर्यंत रात्री दांडीचे बूट घालतात. तिथे ते मध्येच सोडले, तर पाऊल पुन्हा वळू लागतं.