‘ओतू नये’चे इंग्रजी

प्रयोगशाळेतील दोन नियम घेऊ. ‘संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतू नये’ आणि ‘प्रयोगवहीत खाडाखोड करू नये’. दोन्हींचा शेवट ‘नये’. पहिला मोडला तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी क्षणात उकळते आणि आम्ल डोळ्यांत उडू शकते. दुसरा मोडला तर फार तर अर्धा गुण जातो. मराठी क्रियापद हा फरक दाखवत नाही. तो शिक्षक आवाजाने दाखवतात. इंग्रजीत मात्र तो शब्दाने लिहावा लागतो: पहिल्यासाठी ‘मस्ट नॉट’, दुसऱ्यासाठी ‘शुड नॉट’.

हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या तासाचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा तालुक्यात म्हसावद आहे. या परिसरात कुणाच्या घरी भिली वा पावरी, कुणाच्या घरी अहिराणी वा गुजरी बोलली जाते. मराठी शाळेत भेटते, इंग्रजी त्यानंतर. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला गेला की नियम इंग्रजीत वाचतो. तिथे ‘मस्ट’ आणि ‘शुड’ त्याला सारखेच वाटले तर काय होईल, हे सांगायला नको.

दुसरी अडचण कर्त्याची. मराठी विध्यर्थाला कर्ता सांगावाच लागत नाही; ‘पाणी गाळून प्यावे’ हे वाक्य पूर्ण आहे. विद्यार्थी त्याचे ‘शुड ड्रिंक...’ असे इंग्रजी करतो, तो निष्काळजीपणा नव्हे. तो मराठीच बोलत असतो. इंग्रजी विधानात कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. कुणा एकाचे नाव घ्यायचे नसेल तर तिथे ‘वन’ बसवतात. त्याचा अर्थ ‘एक’ नव्हे, ‘माणसाने’ किंवा ‘कुणीही’. ‘माणसाने आपले दात रोज घासावेत’ याचे ‘वन शुड ब्रश वन्स टीथ डेली’ होते. आपल्या ‘आपले’ची जागा ‘वन्स’ नेमकी घेतो, हे फळ्यावर दाखवण्याजोगे आहे. अमेरिकेत पुढे ‘हिज’ही चालते. मात्र मित्राच्या पत्रात ‘वन’ लिहिणे म्हणजे घरी कोट घालून जेवायला बसणे!

तिसरी वाट ‘इट’ची. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ५१क पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठी पाठात ‘त्याने’ म्हणून पुढे ‘करावे’ येते. इंग्रजीत सुरुवातच ‘इट शॅल बी’ अशी होते. हा ‘इट’ कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवत नाही, पुढे येणाऱ्या कर्तव्यांसाठी जागा धरून ठेवतो. ‘शॅल’ येथे भविष्यकाळ नाही, बंधन आहे. आयएसओच्या मानकांतही ‘शॅल’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे शिफारस आणि ‘मे’ म्हणजे परवानगी, असे वाटप ठरलेले आहे.

आमच्या मते आचरणाविषयी लिहिताना ‘वन’ शोभतो. प्रयोगाच्या कृतीसाठी ‘वॉटर मस्ट नॉट बी पोअर्ड इंटू द ॲसिड’ असा कर्मणी प्रयोगच बरा. कोण ओततो याला तिथे महत्त्व नाही.

वर्गाला पाच मराठी सूचना द्याव्यात. भाषांतराआधी एकच विचारावे: ही मोडली तर काय होईल? उत्तर मुलांनी घरच्या बोलीत दिले तरी चालेल. मग क्रियापद निवडू द्यावे. ‘हातपंपाजवळ भांडी घासू नयेत’ या सूचनेवर ‘मस्ट’वाले आणि ‘शुड’वाले असे दोन तट बहुधा पडतील.