देवराईचा हजेरीपट

पुण्यामुंबईच्या बहुतेक कुटुंबांना लोणावळें-खंडाळें म्हणजे पावसाळी सहलीची जागा. धुकें, धबधबे आणि परततांना चिक्कीचा पुडा, एवढ्यांत ती सहल संपते. परंतु ज्या ढगांची शोभा पाहण्यास आपण जातों, त्याच ढगांवर पोसलेलें एक अरण्य मावळच्या माथ्यावर अद्याप तगून आहे, याची जाणीव आपणांस सहसा नसते. जून ते सप्टेंबर घाटमाथा ढगांत बुडालेला असतो. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या खोडांवर शेवाळ, नेचे व आमरी वाढतात. पुढील आठ महिने कोरडे जात असल्यामुळें शास्त्रज्ञ यास काटेकोर अर्थानें मेघारण्य म्हणणार नाहींत. तथापि मेघांचें ऋण त्याच्या पानापानावर दिसतें.

हें अरण्य उरलें कोठें? डोंगरउतारांवरील पुष्कळसें रान कोळशासाठीं, शेतीसाठीं आणि अलीकडे बंगल्यांसाठीं तुटलें. जें जुनें रान राहिलें, त्याचा फार मोलाचा भाग देवरायांत राहिला. देवाच्या नांवानें राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, वाळलेली काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं, असा गांवचा दंडक. तपशील मात्र गांवोगांव निराळा. मावळांतील आजिवलीची वाघजाईची राई भेरली माडांबद्दल प्रसिद्ध आहे. तेथें झाड न तोडतां त्याची माडी काढण्याची वहिवाट गांवानें पाडली होती. अशा राया हिंडून माधव गाडगीळ व वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनीं १९७६ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां ज्यास अडाण्यांची भीति म्हणून हिणवलें जाई, तें झरे व झाडें राखण्याचें एक शहाणपण होतें, हें विद्वानांस पटूं लागलें.

या रानांत काय दडलें आहे याचा एक दाखला देतों. बोरघाटाची आगगाडी १८६३ पासून धांवूं लागली. फादर सांतापाऊ या स्पॅनिश धर्मगुरूंनीं वर्षानुवर्षें हिंडून खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला. इतकी जा-ये असूनहि, खंडाळ्याच्या मातींत राहणाऱ्या एका देवगांडुळाला शास्त्रीय नांव मिळालें तें १९६० सालीं, टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाकडून. हा प्राणी गांडुळासारखा दिसतो खरा, पण गोत्र त्याचें बेडकांचें. जवळजवळ शंभर वर्षें माणसें ज्याच्या डोक्यावरून जात होतीं, त्याची कोणास दाद नव्हती!

म्हणूनच रानाची नुसती राखण पुरेशी नाहीं, त्याची नोंदहि हवी. आम्हीं आयुष्यभर शाळेंत हजेरीपट भरला. त्याचा खरा उपयोग हजर मुलांसाठीं नसतो. कोण येईनासा झाला, हें वेळेवर कळावें म्हणून तो असतो. रानाची नोंद त्याच हेतूनें करावयाची. तिची रीतहि तशीच साधी व चिकाटीची आहे: ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेला ऋतु, जें दिसलें व ऐकलें तें लिहावयाचें, आणि जें दिसलें नाहीं तेंहि लिहावयाचें. आतां झाडास बांधलेले आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे आणि बेडकांचे आवाज टिपणारीं यंत्रें मदतीस आलीं आहेत. परंतु वहीची जागा त्यांनीं घेतलेली नाहीं.

येथें आपला स्थालीपुलाकन्याय जपून वापरावा लागतो. भाताचें एक शीत चांचपून सारें भांडें शिजलें कीं नाहीं तें कळतें, कारण सर्व शितांना सारखी आंच लागलेली असते. रानाचें तसें नाहीं. एक ओहोळ ओलांडला कीं पलीकडची वस्ती बदलते. शिवाय मोजण्याची वस्तुहि फसवी असते. आपल्याच जिल्ह्यांतील भीमाशंकरास १९८५ सालीं शेकरूसाठीं अभयारण्य झालें. शेकरूचीं घरटीं सहज दिसतात म्हणून तीं मोजतात. परंतु एकच शेकरू अनेक घरटीं बांधतो, तेव्हां दहा घरटीं म्हणजे दहा शेकरू नव्हेत. कारवीचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. ती सात-आठ वर्षांनीं एकदांच एकजात फुलते. तीन वर्षांची मुदत घेऊन आलेला अभ्यासक तिचा बहर न पाहतांच परत जाईल. पण गांवांतील सत्तर वर्षांच्या आजीनें असे आठ-नऊ बहर पाहिलेले असतात. तेव्हां ही नोंद गांवानेंच ठेवावी, हें उत्तम.

कायद्यानेंहि तशी वाट मोकळी केली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतीनें समिति नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वन राखण्याचा हक्क ग्रामसभेस मान्य केला आहे. नोंदीचें फळ कसें मिळतें तें आंबोलीस दिसलें. हिरण्यकेशीच्या उगमाजवळील मासा नवी जात म्हणून २०२० सालीं जगापुढें आला, आणि पुढील वर्षींच सरकारनें ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. उलट, बाहेरच्या माणसानें दोन दिवसांत भरून दिलेली वही कपाटांतच राहते. तिचा गांवास उपयोग नाहीं आणि रानासहि नाहीं.

आतां आपल्या घरांविषयीं दोन शब्द. हा प्रश्न मावळच्या शेतकऱ्यांचाच आहे असें समजूं नये. गांवच्या देवळाचा जीर्णोद्धार निघतो, शहरांतील भाविक सढळ हातानें वर्गणी देतात, आणि त्या पैशांतून सभामंडप, फरशी व मोटारींसाठीं रस्ता होतो. तो होतांना देवाची राईच तुटते. देणाऱ्यास पुण्य केल्याचें समाधान लाभतें, आणि पुण्याचें मूळ मात्र उखडलें जातें! म्हणून वर्गणी देतांना घरच्या वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें कीं, झाडें किती जाणार? तसेंच मे-जूनमध्यें काजवे पाहण्यास राजमाचीकडे जाणाऱ्या तरुण मंडळींस बजावावें कीं, विजेऱ्या विझवून, पायवाट न सोडतां पहा. काजवे आपल्या प्रकाशानें जोडीदारास खुणावतात; आपल्या दिव्यांनीं ती खूण पुसली जाते.

आणि मुलांच्या हातीं एक वही द्यावी. वाड्याच्या परसांत किंवा सोसायटीच्या आवारांत कोणतें पांखरूं कोणत्या तारखेस प्रथम ओरडलें, हें त्यांनीं लिहावें. ज्या मुलास अंगणांतील गैरहजेरी ओळखतां येईल, त्यास उद्यां देवराईंतील गैरहजेरीहि जाणवेल. आणि जाणवेल तोच ती थांबविण्यास झटेल.