मांजरा की वांजरा?

"ताई, आपल्या नदीचं नाव मांजरीवरून पडलं का हो?" निलंगा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत एका नव्या सुनेनं विचारलं आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. पण उत्तर एकीलाही देता येईना!

मैत्रिणींनो, जुनी माणसं या नदीला 'वांजरा' म्हणतात. बोलता बोलता 'व'चा 'म' झाला असावा, असं आपलं मला वाटतं. तेलंगणात गेली की हीच 'मंजीरा' होते. संस्कृतात मंजीर म्हणजे पायातलं पैंजण. नाव गोड आहे, पण कुणीतरी मागाहून बारसं केल्यासारखं वाटतं.

तिची वाटही जगावेगळी. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते. धाराशिव, लातूर करत कर्नाटकात बिदरकडे उतरते, तिथून तेलंगणात. आणि संगारेड्डीच्या बाजूला गेल्यावर एकदम उत्तरेकडे वळते! सासरी निघालेल्या लेकीनं अर्ध्या वाटेतून माहेरची वाट धरावी, तशी ती नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवर परत येते आणि बिलोलीच्या कडेनं जाऊन कंदकुर्तीला गोदावरीच्या कुशीत शिरते. एकूण प्रवास ७२४ किलोमीटरचा.

वाटेत तिला तावरजा, घरणी, तेरणा, लेंडी, मन्याड अशा कितीतरी जणी भेटतात. तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांचं तेर. आता गावावरून नदी की नदीवरून गाव, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नावाचं एवढं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. २०१६चा उन्हाळा आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्ख्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. घागरी घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या बायकांना मात्र टीव्ही बघायला वेळ नव्हता.

तेव्हापासून मी गावात गेले की एक विचारते, तुमच्या ओढ्याचं नाव काय? म्हाताऱ्या चटकन सांगतात. त्यांच्या सुना म्हणतात, "नाला." कागदावरही 'नाला'च. मग त्यात कचरा टाकायला, काठ बुजवून दोन खोल्या काढायला कुणाचा हात अडखळत नाही. मांजरेला पाणी आणून देतात ते हेच बिननावाचे नाले.

तुमच्या सासूबाईंना, आजीला विचारून बघा. शेताजवळच्या ओढ्याला, धुणं धुवायच्या जागेला, डोहाला त्या काय म्हणायच्या? ते नाव वहीत लिहून ठेवा, आणि एक चिठ्ठी आम्हालाही पाठवा.